सांगलीत क्वीअर वाचनखोली सुरू करायची तर

सांगलीत टेकायला जागा कमी नाहीत. कृष्णेचा घाट आहे, विश्रामबागेत कॉलेजांभोवती चहाच्या गाड्या आहेत, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका तर गल्लोगल्ली निघाल्यात. पण गे, लेस्बियन, बायसेक्शुअल, ट्रान्स, तृतीयपंथी, किंवा आपलं नेमकं काय ते अजून न उमगलेलं माणूस यातल्या कुठंही जरा स्थिरावलं की प्रश्न सुरू होतात. कुणाचा तू? लग्नाचं कुठवर आलं? आवाज असा का रे तुझा? केस कशाला वाढवलेस? विचारणारा बरेचदा मायेनंच विचारतो, म्हणून तर टाळता येत नाही.

अशा सगळ्या, म्हणजे क्वीअर, लोकांनी लिहिलेलं, त्यांच्याविषयी लिहिलेलं निवांत वाचता यावं म्हणून खोली काढायची असेल, तर तिथं आधी हे प्रश्न थांबले पाहिजेत. पुस्तकं त्यानंतर. जागा, वेळ, रजिस्टर, बैठक यातलं काहीही ठरवताना एवढंच तपासा: इथं येणाऱ्याला स्वतःबद्दल काही सांगणं भाग पडतंय का? पडत असेल तर तो बेत बदला.

१. आधी माणसं

तीन-चार जण पुरतात. त्यातले निदान दोघं स्वतः क्वीअर असावेत. नाहीतर खोली 'त्यांच्यासाठी' कुणीतरी चालवलेली होते, आणि येणाऱ्याला उपकाराचा वास पहिल्याच दिवशी येतो. एखादा निवृत्त शिक्षक किंवा ग्रंथपाल सोबत मिळाला तर सोडू नका. त्याला पुस्तकं लावायची सवय असते, आणि जागामालकाशी बोलताना पांढरे केस कामी येतात.

संस्था नोंदवायच्या मागे मात्र लगेच लागू नका. सोसायटी नोंदवायला किमान सात जणांची नावं, पत्ते आणि सह्या सरकारदप्तरी द्याव्या लागतात. घरी अजून काही न बोललेल्या मुलीला तुम्ही कार्यकारिणीत घालणार का? १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता, अनुदान वगैरे पुढं कधी गरज वाटली तर बघता येईल. सध्या हा ओळखीपाळखीतल्या लोकांचा वाचनकट्टा आहे, त्याला लेटरहेड लागत नाही.

शहरात आधीपासून कोण काम करतंय तेही पाहा. देहविक्रय करणाऱ्यांसोबत एचआयव्हीवर काम करणारी संग्राम ही संस्था सांगलीत १९९२पासून आहे. मीना शेषू तिच्या संस्थापक. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद या कामातून उभी राहिली, आणि तृतीयपंथी व पुरुष सेक्सवर्करांचा 'मुस्कान' हा गटही. म्हणजे या शहरात या विषयावर उघड बोलायला पुण्या-मुंबईचं कुणी यावं लागलेलं नाही. अशा लोकांना उद्घाटनाला हार घालायला बोलावण्यात काही अर्थ नाही. जागा ठरायच्या आधी त्यांच्याकडं जा आणि कुठला वार, कुठली वेळ, कुठला भाग सोयीचा ते विचारा. तुमचा बेत त्यामुळं बदलला तर बदलू द्या.

२. जागा आणि वेळ

भाड्याची स्वतंत्र खोली हा शेवटचा पर्याय ठेवा. रविवारी रिकामा असणारा ट्यूशन क्लास सगळ्यात उत्तम. तिथं तरुण पोरापोरींची ये-जा कुणाच्या डोळ्यावर येत नाही, बाकं आणि पंखे आधीच असतात. केमिस्ट, झेरॉक्स, टेलर अशा दुकानांच्या रस्त्यावरची जागा चांगली, कारण त्या रस्त्यानं माणूस कशालाही जात असू शकतो. बोळाच्या टोकाचं एकटं घर टाळा. तिथं जाणारा कुठं चाललाय ते अख्ख्या बोळाला कळतं.

सांगली-मिरज रस्त्यावर किंवा शंभर फुटी रस्त्याच्या आसपास जागा मिळाली तर बस-रिक्षाची अडचण नाही. मिरज जंक्शनजवळची जागाही विचारात घ्या. कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर अशा तिन्ही बाजूंनी रेल्वेनं येता येतं, आणि आपल्या गावात ओळखलं जाण्याची भीती असलेली माणसं दुसऱ्या गावी निर्धास्त येतात. जत, आटपाडी, शिराळ्याच्या लोकांना संध्याकाळी परतीची एसटी गाठायची असते. त्यामुळं रविवारी दुपारी दोन ते पाच ही वेळ बरी पडते. शहरातल्यांना ती झोपेची वेळ वाटेल, पण रात्री आठचा कार्यक्रम ठेवला की तालुक्यातली माणसं आपोआप गळतात. मुलींनाही घरून निघायला दुपारच सोपी.

'वाचनालयात चाललेय' हे घरी सांगायला अगदी खरं वाक्य आहे, ही या खोलीची जमेची बाजू आहे. खोटं बोलून घराबाहेर पडायची सवय झालेल्या माणसाला त्याचं मोल कळतं. म्हणून खोलीचं नावही असं ठेवा की ते घरी उच्चारता येईल. बाहेरच्या पाटीवर इंद्रधनुष्य हवं की नको यावर वाद होणारच. माझं मत: पाटी साधी, आत हवे तेवढे रंग. ज्यांना बाहेर झेंडा लावायचाय त्यांच्या धैर्याबद्दल शंका नाही, पण त्या झेंड्याखालून आत शिरायचं धैर्य प्रत्येकाकडं नसतं, आणि खोली आधी त्यांच्यासाठी आहे.

आता पाण्याचं. नदीकडच्या भागात तळमजल्यावर पुस्तकं ठेवू नका. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, आणि शहरातल्या ग्रंथालयांचा लगदा झाला होता. वरचा मजला घ्यावा तर व्हीलचेअरचं आणि गुडघे दुखणाऱ्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. त्यावर तोडगा म्हणजे पुरापासून लांबच्या भागातला तळमजला. तो नाही मिळाला तर पुस्तकं कपाटाऐवजी झाकणाच्या प्लास्टिक क्रेटमध्ये ठेवा. पातळी चाळिसाकडं सरकायला लागली की दोन माणसं रिक्षातनं सगळं हलवू शकतात.

संडास कुठंय, त्याला आतून कडी आहे का, आणि तिथं 'पुरुष-स्त्रिया' असं लिहिलंय का, हे पैसे ठरवायच्या आधी बघून घ्या. एकच असेल तर उत्तम, पाटी काढून टाका.

३. आतली मांडणी

खर्च करायचाच तर उजेडावर करा. पांढऱ्या ट्यूबखाली माणूस परीक्षेला बसल्यागत होतो. पिवळसर एलईडी दिवे दोन कोपऱ्यांत लावा. खाली सतरंजी, भिंतीला लोड. शिवाय दोन खुर्च्या खिडकीकडं तोंड करून ठेवा, खोलीकडं पाठ करून. नवा माणूस पहिल्या दिवशी तिथंच बसणार आहे. त्याला कुणी 'इकडं ये की, असा एकटा काय बसलास' म्हणायचं नाही.

रॅक भिंतीला लावा, खोलीच्या मधोमध नको. कोण काय उचलतंय ते सगळ्यांना दिसू नये. प्रत्येक पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर घाला आणि पाठीवर फक्त क्रमांक लिहा. नावांची यादी एका वहीत दाराजवळ. पुस्तक घरी नेणाऱ्याला याचा फार आधार होतो, कारण आपल्या घरांत दप्तर आणि बॅग उघडायला कुणी परवानगी मागत नाही. पावसाळ्यात कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा वाळला पाला पुरतो. डांबरगोळ्यांच्या उग्र वासात तीन तास बसवत नाही.

माठ ठेवा, पेले ठेवा. चहा एकदाच, मध्यंतराला. भडंग बाहेर. सांगलीत हा नियम करणं म्हणजे भांडण ओढवून घेणं आहे, पण तेलकट बोटांचे ठसे पानावरून जात नाहीत, आणि शांत खोलीत त्याचा आवाजही भलताच होतो.

४. कपाटात काय

सुरुवातीला तीस-चाळीस पुस्तकं खूप झाली. त्यातली निम्म्याहून जास्त मराठी असू द्या. इंग्रजी पुस्तकं देणगीत सहज येतात आणि बघता बघता रॅक व्यापतात, मग जतहून आलेला मुलगा ती चाळतो आणि परत ठेवतो.

मराठीत वाचायला आहे का असं विचारणारे भेटतील. आहे. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी २००६ची. एका घरातले भाऊ आणि बहीण दोघंही एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात. २००२मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू करणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' ही कादंबरी नवख्या वाचकासाठी सगळ्यात सोपी सुरुवात. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं आत्मकथन 'मी हिजडा, मी लक्ष्मी' एकाच्या दोन प्रती ठेवा, ते सारखं बाहेर असतं. दिशा पिंकी शेख यांचा 'कुरूप' हा कवितासंग्रह मोठ्यानं वाचायला फार चांगला. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक हवंच, पण त्याचा शेवट जड आहे; पहिल्या महिन्यात नको. एकूणच शेवटी कुणीतरी मरतंय अशी पुस्तकं किती जमलीत ते अधूनमधून मोजा. विसाव्याच्या जागेत हसतं-खेळतं, प्रेमात पडलेलं, नुसतं कंटाळलेलंसुद्धा क्वीअर माणूस भेटायला हवं.

आपला जिल्हा कर्नाटकाला लागून आहे, जत भागात घरची भाषा कन्नड असणारी कितीतरी कुटुंबं आहेत. वसुधेंद्र यांचा 'मोहनस्वामी' हा कन्नड कथासंग्रह मुळातून ठेवा. हिंदीत चित्रा मुद्गल यांची 'पोस्ट बॉक्स नं. २०३ नाला सोपारा', जिला २०१८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मिरजेतले उर्दू वाचणारे येतील त्यांच्यासाठी इस्मत चुगताईंची १९४२ची 'लिहाफ' ही कथा. तिच्यावर लाहोरच्या कोर्टात अश्लीलतेचा खटला चालला होता.

खटल्यावरून आठवलं. र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाचे अंक मिळवायचा प्रयत्न करा. १९२७मध्ये सुरू झालेल्या या मासिकात वाचक लैंगिक प्रश्न विचारत आणि कर्वे सरळ उत्तरं देत. हस्तमैथुन आणि समलैंगिकतेवरच्या अशाच उत्तरांबद्दल त्यांच्यावर १९३४मध्ये खटला झाला, आणि त्यांचं वकीलपत्र घेतलं होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. ते खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. 'हे सगळं आत्ताचं बाहेरून आलेलं फॅड' असं म्हणणाऱ्यांशी वाद घालण्याऐवजी त्यांच्या हातात हे ठेवा.

याच वादात कुणीतरी बालगंधर्वांना ओढणार हेही गृहीत धरा. त्यांचं नागठाणे आपल्याच जिल्ह्यातलं, आणि १८४३मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' हे नाटक सांगलीतच केलं. पुरुषांनी बायकांच्या भूमिका करणं या गावानं डोक्यावर घेतलं, हे खरं. म्हणून स्त्रीपार्टी नट म्हणजे आपल्यातलाच, असं ठोकून द्यायचा मोह टाळा. त्या माणसांनी स्वतःबद्दल जे म्हटलं नाही ते आपण त्यांच्या तोंडी घालू नये. आपल्याला जो त्रास होतो तोच आपण त्यांना देतोय.

५. न वाचणाऱ्यांचं वाचन

हा भाग बहुतेक वाचनालयं विसरतात. आपल्या भागात यल्लम्मा देवीला वाहिलेले, बायकांच्या वेशात राहणारे जोगते आहेत, तिच्या देवळाला कर्नाटकात सौंदत्तीला जाणारे. त्यातल्या पुष्कळांची शाळा लवकर सुटली, पण चौंडकं आणि तुणतुण्यावरची गाणी, कथा तोंडपाठ. हे साहित्यच आहे. महिन्यातनं एक रविवार वाचून दाखवायचा आणि ऐकायचा ठेवा, म्हणजे अक्षरओळख नसलेलं माणूसही या खोलीत बरोबरीनं बसेल.

कुणा जोगत्याला बोलावलंत तर प्राध्यापकाला द्याल तेवढंच मानधन द्या, प्रवासखर्च वेगळा, आणि तारीख मार्गशीर्ष किंवा माघ पौर्णिमेच्या आसपास ठेवू नका; तेव्हा ते सौंदत्तीला असतात. गाणं रेकॉर्ड करायचं का हे आधी विचारा. नाही म्हटलं तर नाही. आणि 'तुम्ही असे कधीपासून' हा प्रश्न श्रोत्यांमधून आला तर खोली चालवणाऱ्यानं तो तिथंच अडवायचा.

छापील पुस्तकातला उतारा वाचून दाखवायला अडचण नाही. प्रकाशित साहित्यातला बेताचा भाग जाहीरपणे वाचायला कॉपीराइट कायद्यात सूट आहे. अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स मात्र काढू नका. मराठीत ही पुस्तकं लिहिणारे आणि छापणारे मोजके आहेत, त्यांची एक प्रत विकली गेली तरी फरक पडतो.

६. नावं, नंबर, फोटो

घरी पुस्तक देताना रजिस्टरात नाव लिहू नका. प्रत्येक वाचकाला एक कार्ड द्या, त्यावर क्रमांक. रजिस्टरात कार्डाचा क्रमांक, पुस्तकाचा क्रमांक, तारीख. अनामत रक्कम शंभर रुपये, तीही जमत असेल तरच. काही पुस्तकं परत येणार नाहीत. ती कुणीतरी वाचतंय असं समजा आणि नवी प्रत घ्या.

व्हॉट्सॲप ग्रुप काढू नका. ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात आणि इस्लामपूरच्या मुलाला त्यात स्वतःचा मावसभाऊ सापडतो. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा. तिच्यात कुणाला कुणी दिसत नाही. मात्र तुमचा नंबर समोरच्यानं सेव्ह केलेला असेल तरच निरोप पोचतो, म्हणून पहिल्या भेटीतच तो 'वाचनकट्टा' अशा नावानं सेव्ह करून घ्यायला सांगा. निरोपाचा मजकूरही असा लिहा की फोन आईच्या हातात असताना आला तरी चालेल: रविवारी दोन ते पाच, खोली उघडी.

फोटो नाहीत. वाढदिवसाला नाहीत, पाहुणा आला तरी नाहीत. पेपरवाले आले तर रॅकचा फोटो काढू द्या, माणसांचा नाही.

अठरा वर्षांखालच्यांसाठी वेगळा विचार करा. त्यांनी येऊन वाचायला हरकत नाही, पण तेव्हा खोलीत दोन तरी मोठी माणसं असावीत, दार उघडं असावं, आणि त्यांना एकट्याला बाजूला घेऊन कुणी समुपदेशन करू नये.

७. पहिल्या काही बैठका

ओळखपरेड नको. गोल बसून नाव, गाव, 'आपल्याबद्दल थोडं सांगा' हे आपल्या सगळ्या शिबिरांचं आवडतं काम आहे, आणि इथं तेच सगळ्यात त्रासाचं. आलेल्यानं कुठलंही नाव सांगावं, किंवा सांगू नये. पहिला तास मूक वाचन. मग चहा. मग कुणाला वाटलं तर एखादं पान मोठ्यानं. चर्चा झाली तर झाली.

बोलताना एक सांभाळा. मराठीत 'आलास' की 'आलीस' हे पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं. समोरचा स्वतःबद्दल 'आलो' म्हणतो की 'आले' ते आधी ऐका, आणि कळेपर्यंत 'तुम्ही आलात, बसा' म्हणा. अनोळखी तृतीयपंथी व्यक्तीला ताई म्हणायचं, दीदी म्हणायचं की नुसतं नावानं हाक मारायची, हेही तिच्या सोबतची माणसं काय म्हणतात त्यावरून कळतं.

दर रविवारी कार्यक्रम ठेवायची हौस आवरा. कविसंमेलन, व्याख्यान, चित्रपट असं सुरू झालं की चालवणारे दमतात आणि शांत बसायला आलेला माणूस येईनासा होतो. बहुतेक रविवारी काहीच घडू नये. एखाद्या दिवशी दोघंच आले म्हणून खोली लवकर बंद करू नका. पाचला दहा कमी असताना एखादा जिना चढून येतो.

८. विरोध आणि चौकश्या

जागामालकाला पहिल्या दिवशीच सांगा: पुस्तकं वाचायला लोक येतील, त्यात समलिंगी आणि तृतीयपंथीही असतील. नाही म्हणाला तर दुसरी जागा बघा. सहा महिन्यांनी त्याला बाहेरून कळलं तर सामान रस्त्यावर येईल, आणि त्या दिवशी आत बसलेल्यांचं काय होईल याचा विचार करा.

'हे कायद्यात बसतं का' असं विचारणारे अजून आहेत. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले. तृतीयपंथीयांना स्वतःची लिंगओळख ठरवायचा हक्क त्याआधीच, १५ एप्रिल २०१४च्या नालसा निकालानं मिळाला होता. लग्नाला मात्र २०२३च्या निकालात मान्यता मिळालेली नाही, हेही स्पष्ट सांगा, खोटी आशा दाखवू नका. आणि जमावबंदी लागू नसेल तर खासगी खोलीत पुस्तक वाचत बसायला कुणाची परवानगी लागत नाही. कुणी दमदाटी केली तर ११२, आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. त्यांचा नंबर १५१००. मनावरचा ताण सोसवेना झालेल्यासाठी टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६. हे तिन्ही आकडे मोठ्या अक्षरांत संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, तिथं ते कुणाच्या नजरेत न येता फोनमध्ये टिपून घेता येतात.

एक दिवस कुणाचे तरी आई-वडील येतील. रागात, किंवा रडत, किंवा दोन्ही. त्यांना बसवा, पाणी द्या. डॉक्टरकडं नेऊन मुलाला 'बरं' करता येईल का, हा त्यांचा पहिला प्रश्न असेल. हा आजार नाही. आणि असे 'उपचार' करणं हे डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं नॅशनल मेडिकल कमिशननं २०२२मध्येच सांगितलंय. मग बिंदुमाधव खिऱ्यांनी संपादित केलेलं 'मनाचिये गुंती' द्या, त्यात अशाच मुलांच्या पालकांचे आणि नातेवाइकांचे अनुभव आहेत. ते पुस्तक त्यांच्याकडून परत मागू नका, कार्डही करू नका. आमचा मुलगा इथं येतो का, असं विचारलं तर इथं कोण येतं ते आम्ही कुणालाच सांगत नाही, एवढंच म्हणा, आणि रजिस्टर बघायचंच असेल तर खुशाल उघडून दाखवा, त्यात नुसते आकडे आहेत.